डिपर

सूर्य बुडायच्या आत घरात. दोन वर्षं माया जिंदगीचा हाच टाइमटेबल. वय चौतीस, बी.ए. पास, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली बाई मी, आन संध्याकाळ झाली की कोंबडीसारखी खुराड्यात. बरं, कोणी दाराले कडी घातली नव्हती की कोणी हात धरला नव्हता. कडी घातली असती तं मी ती तोडली असती, तेवढा राग माया अंगात जन्मापासून हाये. पण मले अडवून बसला होता एक दिवा. माया स्कूटीचा दिवा.

त्याचा उजेड रस्त्यावर पडे तं वाटे कोणीतरी हळदीचं पाणी सांडलं. आमचं गाव आर्वीपासून अकरा किलोमीटर, आष्टीच्या रोडनं येऊन फाट्यावरून आत. दिवाळी झाली की त्या रोडवर कापसाच्या बैलबंड्या, मागं दिवा नसलेले ट्रॅक्टर, आन मधातच उडी मारून येणारे रोही, म्हणजे नीलगायी. त्या हळदीच्या पाण्यात दहा पावलांवरचा बैल दिसत नव्हता. एकदा साडेसहाले एका बंडीत घुसता घुसता वाचली, त्या दिवसापासून मी कानाले खडा लावला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आन माई धाव सूर्य बुडेपर्यंत.

घरात आता आमी तिघं, मी, नवरा आन सासरे. पोरगी प्रेरणा, ती जूनपासून वर्ध्याले होस्टेलात. सासूबाई माया लग्नाच्या आधीच गेल्या. सासरे नत्थूजी, त्याईले मी मामाजी म्हणते. तीस वर्षं हिंगणघाटच्या जिनिंगातून कापसाच्या गाठी भरून ट्रक चालवला त्याईनं. आता एका डोळ्यात मोतीबिंदू, हात थरथरतात, आंगणातल्या खाटेवर बसून राह्यतात आन येणाऱ्या जाणाऱ्याले रस्त्याचे कायदे सांगतात. "समोरून कोणी आला की डिपर द्याचा, आपला उजेड खाली पाडाचा. दुश्मन असला तरी द्याचा. लोकाईच्या डोळ्यात उजेड घालून जाते तो माणूस नाई." हे मी हजार वेळा आयकलं असन.

आन माया नवरा. त्याचं नाव मी तोंडावर घेत नाई, तोंडावर 'तुमी'च म्हणते. पण इथं घेते, आन एकेरीत घेते, कारण राग आला हाये. गोपाल. फाट्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान हाये, खिडक्यांच्या ग्रिल, गेट, कोठीचे दरवाजे करते. गावात कोणालेही विचारा, गोपालसारखा गरीब माणूस नाई म्हणतीन. आवाज चढवत नाई, दारू पीत नाई. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिखटाच्या डब्याच्या काठानं माय बोट कापलं होतं. त्या संध्याकाळी हा माणूस कानस घेऊन बसला आन सैपाकघरातल्या साऱ्या टिनांचे काठ त्यानं घासून गोल केले. त्याची सवयच तशी हाये. लोखंड घासलं की धार सोडत नाई. वरून एक हात तिरपा, खालून एक हात तिरपा, मंग अंगठा फिरवून पाह्यते. म्हणते, "कोणाच्या हाताले लागाले नको." मी तवा देवाले हात जोडले होते, असा नवरा देल्ला म्हणून.

ही स्कूटीबी त्यानंच आणली. दोन वर्षांमांगं, सेकंडहँड. मी गावात पेढे वाटले. आर्वीले संध्याकाळी अकौंटच्या क्लासाले जाऊ लागली. पंधरा दिवस गेली असन. तवा दिवा चांगला होता, हे मले पक्कं आठवते. मंग गोपालनं एका रविवारी गाडी दुकानात नेऊन सर्व्हिसिंग केली, आन त्याच्यानंतर दिवा पिवळा पडला. "जुनी गाडी हाये," तो म्हणे, "कॉइल कमजोर झाली. आता तिले कोण काय करन?" मी क्लास सोडला. मंग बचतगटाची एक ट्रेनिंग सोडली. मंग प्रेरणाच्या शाळेतलं गॅदरिंग अर्ध्यातून सोडून पळत आली. दर वेळी गोपालच मले समजावे. "मी तं तुयाच बाजूनं हावो, छाया. पण बाबाले आवडत नाई रात्रीचं. आन दिवा तं पाह्य."

बाबाले आवडत नाई. हे एवढं वाक्य मी दोन वर्षं गिळलं. आंगणातल्या म्हाताऱ्याच्या हातात चहाचा कप देताना मी मनातल्या मनात त्याईले काय काय बोलली, ते देवालेच माहीत.

तं यंदा दिवाळी झाली आन सदाशिवरावाईचा फोन आला. आर्वीच्या बाजारात त्याईचा धरमकाटा हाये, मालाच्या गाड्या वजन करायचा. तिथं कॉम्प्युटरवर बसून वजनाची चिठ्ठी काढाची, असं काम. क्लासात माया बाजूले त्याईची पुतणी बसे, तिनं माय नाव सांगतलं होतं. सदाशिवराव म्हणे, "सीझन हाये बाई. अकरा ते साडेसात. सोमवारपासून या. नसन जमत तं शनिवारी रात्रीपर्यंत सांगा, दुसरी पोरगी तयार हाये."

फोन ठेवला आन मी सैपाकघरात एकटीच नाचली. खोटं कशाले सांगू? मंग खिडकीतून बाहेर पाह्यलं, तं स्कूटी उभी. सगळा नाच उतरला.

गोपालले सांगतलं. तो हसला, अगदी मनापासून हसल्यासारखा. "मस्तच झालं की! मी तं म्हणतोच, तू हुशार हायेस." मंग भाकरीचा तुकडा मोडत बोलला, "पण साडेसातले सुटशीन, घरी यायले सव्वाआठ. बाबाले कसं सांगाचं? आन त्या दिव्यात..."

"दिवा सुधारला तं?"

"सुधारला तं काय अडचण हाये? पण होत नाई ना तो. कॉइलच तशी."

पण आर्वीच्या रोडवर पोट्टे कशे पांढरेफक एलईडी लावून हिंडतात, ते मले दिसत नव्हतं का? जुन्या खटाऱ्या गाड्यांवर लावतात. शनिवारी दुपारी गोपाल शेजारच्या गावात गेट बसवायले गेलता. मी गाडी काढली आन सरळ आर्वी गाठली.

मोतीलालभाऊचं दुकान बाजाराच्या मांगच्या गल्लीत हाये. गाड्यांच्या वायरींचं काम फक्त. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलते तो माणूस, पण हात असा की मोटरही त्याले घाबरून चालू होते. मी म्हटलं, "भाऊ, एलईडी लावून द्या."

"लगा देता हूँ वहिनी," म्हणे, "पण आधी दाखवतो का होते ते, मंग मले बोल नका लावू."

त्याईनं दिव्याचा पुढचा भाग उघडला, जुना बल्ब काढून फडक्यावर ठेवला, आन नवा एलईडी बसवला. इंजिन चालू केलं तं बाप्पा, तो दिवा लुकलुक लुकलुक! डोळ्यात कचरा गेल्यावर पापण्या उघडझाप करतात ना, तसा. रेस देल्ली तं वाढे, सोडली तं मरे.

"पाह्यलं? ह्या गाडीचा दिवा बॅटरीवर नाई, इंजिनाच्या कॉइलवर चालते. कॉइलचा करंट उलटासुलटा येते. साध्या बल्बाले चालून जाते, त्याची तार गरमच राह्यते. एलईडी बिचारी आधा टाइम जागते, आधा टाइम झोपते. आन रेस वाढली की करंट असा धडकते की दोन दिवसांत खतम. लोक म्हणते एलईडी खराब. अरे एलईडी नाई, जोडी खराब! ज्याचं त्याले जमलं पाह्यजे."

"मंग काई उपायच नाई?"

"हाये ना. कॉइलची अर्थिंग उचलाची, मोठा रेक्टिफायर टाकाचा, सारा करंट सरळ करून बॅटरीत घ्याचा, आन बॅटरीवरून एलईडीले द्याचा. एलईडी खातेच किती? जुन्याच्या अर्धं. बॅटरीले भार नाई होत." मंग स्वतःच हसले. "मी कुठून शिकलो सांगू? मोबाइलवर एक गोरा दिसला. बर्फावर घसरणारी स्कूटर असते म्हणे त्यांच्याकडे, पुढं पट्ट्या, मांगं पट्टा. तिचा दिवाबी असाच, कॉइलवरचा. त्याचीबी एलईडी लुकलुक करत होती. भाषा नाई समजली, वायर समजली. त्याचे हात थंडीनं गारठले होते, माये इथं घामानं घसरून राह्यले होते, पण बीमारी एकच!"

मलेबी हसू आलं. "किती वेळ लागन?"

"चार तास तं कुठी गेले नाई. आज दोन गाड्या आधीच्या उभ्या हायेत. सोमवारी या."

"सोमवारी मले कामावर जायचं हाये भाऊ. आज झाला तं झाला, नाईतर मी रात्री फोन करून त्याईले नाई म्हणून सांगते."

"मंग जुनाच बसवून देतो, दुसरं काय करू?" म्हणून त्याईनं फडक्यावरचा बल्ब उचलला. बसवता बसवता थांबले. बल्ब उजेडात धरला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. मंग मायाकडं पाह्यलं.

"वहिनी, ये किसने लगाया?"

"काऊन?"

"हा ट्रकचा बल्ब हाये. चोवीस व्होल्टचा. तुमची गाडी बारावर चालते. बारात चोवीसचा बल्ब लावला तं तो कसा जळन? उपाशी माणसासारखाच जळन ना!" त्याईनं बल्बाच्या बुडाची पितळी चकती दाखवली. तिले तीन कान असतात, खाचेत बसायले. "बसलाच नसता हा तुमच्या गाडीत. पाहा, हा कान कानशीनं घासून बसवला हाये. गलतीनं नाई झालं हे. मेहनतीनं केलं. तुमची कॉइल एकदम ठणठणीत हाये. साधा बारा व्होल्टचा बल्ब लावून देतो, दहा मिनिटांचं काम, आताच रस्ता दिसन."

दोन वर्षं! दोन वर्षं मी ज्याले नशीब म्हणत होती, तो एक बल्ब होता. माया डोळ्यापुढं एकच माणूस आला. तीस वर्षं ट्रक चालवलेला. खाटेखाली टिनाच्या डब्यात ट्रकचे जुने बल्ब, फ्यूज, पाने जपून ठेवलेला. चोवीस व्होल्टचा बल्ब अजून कोणाच्या घरी असन?

"साधा नाई," मी म्हटलं. माया आवाज मलेच ओळखू आला नाई. "एलईडीच लावा. आजच. मी इथं बसते, रात्र झाली तरी बसते."

मोतीलालभाऊनं मायाकडं पाह्यलं, आन काईबी न विचारता दोन्ही गिऱ्हाइकांले उद्या या म्हणून सांगतलं. मी बाकड्यावर बसून राह्यली. बल्ब रुमालात बांधून मुठीत धरला होता. मामाजीले काय बोलाचं, याची मी चार तास तयारी केली.

गाडी झाली तवा अंधार पडत होता. घरी कशी आली ते सांगत नाई, कारण मी रस्ता पाह्यलाच नाई. डोक्यात नुसती आग. आंगणात गाडी उभी केली, दिवा तसाच चालू ठेवला, आन खाटेजवळ जाऊन बल्ब मामाजीच्या हातावर ठेवला.

"हे तुमचंच ना?"

त्याईनं बल्ब डोळ्याजवळ नेला, लांब नेला. "चोवीसचा. हो, माया डब्यातलाच असन. काऊन?"

"माया गाडीत होता. दोन वर्षं. मले घरात ठेवायचं होतं तं तसं सांगाचं ना मामाजी! मी काय गाय हावो का, दावणीले बांधून ठेवायले? हा चोरटेपणा कशाले?"

म्हातारा माणूस, पण चिडला नाई. मान हलवत राह्यला. "गोपालनं मांगतला होता. दुकानातल्या जुन्या मशीनले दिवा पाह्यजे म्हणे. मी देल्ला." मंग त्याईनं हात पुढं केला. तो हात खाटेवरच्या घोंगडीवर थरथर थरथर करत होता. "हा हात पाह्य बाई. ह्या हातानं मले चहा सांडल्याशिवाय पिता येत नाई. येवढुसा कान मी घासीन का? आन एक सांग. मी तुले कधी म्हटलं, रात्री जाऊ नको?"

मी आठवायले लागली. बाबाले आवडत नाई, असं कोण म्हणे? गोपाल. बाबा रागावतीन, असं कोण म्हणे? गोपाल. ह्या खाटेवरून मात्र मी एकच वाक्य आयकलं होतं, "लाईट कमी हाये बाई, त्या लाईटात मीबी नसती चालवली." दोन वर्षं मी चोर सोडून संन्याशाले फाशी देत होती.

मी बल्ब परत घेतला आन त्या घासलेल्या कानावरून बोट फिरवलं. गुळगुळीत. वरून एक हात तिरपा, खालून एक हात तिरपा. धार मारलेली, कोणाच्या हाताले लागाले नको म्हणून. मले काई विचारायची गरज नव्हती. माया सैपाकघरात तसे सतरा डबे हायेत. तिथंच आंगणात बसून मी रडली, तोंडावर पदर घेऊन. कोणी परक्यानं केलं असतं तं शिव्या देल्ल्या असत्या. केसानं गळा कापणाऱ्याले कोणती शिवी देऊ?

मामाजी म्हणे, "माया डोळ्याले वाटलं कॉइल गेली असन. नाईतर मी ओळखला असता." मंग दिव्याकडं बोट करून म्हणे, "आता लय मस्त उजेड हाये. पण समोरच्याले डिपर देत जाजो."

गोपाल आठले आला. हातपाय धुतले, पाटावर बसला. मी ताट वाढलं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, आन भाकरीच्या बाजूले तो बल्ब.

त्यानं पाह्यलं. बल्ब उचलला आन, त्याले स्वतःले समजलं नसन, अंगठा त्या घासलेल्या कानावर फिरवला. जसा गेटवर फिरवते, तसाच.

"धार नाई," मी म्हटलं. "चांगली मारली हाये. मी पाह्यली."

"छाया..."

"मोतीलालभाऊनं एलईडी लावून देल्ला. सोमवारी मी काट्यावर जाणार हावो."

"जा ना," तो म्हणे. खाली पाहून. "मी कुठं नाई म्हणून राह्यलो?"

"मंग हे काय हाये?"

"तुया जिवाच्या काळजीनं... रस्ता खराब... लोकं..."

"अंधार करून काळजी करता? त्या अंधारात मी बंडीखाली आली असती! नाई म्हणायचं होतं तं तोंडानं म्हणायचं होतं. मी भांडली असती, रुसली असती, चार दिवस माहेरी गेली असती. काईतरी झालं असतं! आताबी म्हणा. नाई म्हणा ना."

"मी कशाले नाई म्हणू? तुयी मर्जी."

हेच ते. हेच माय खुराडं. अकरा वर्षांत ह्या माणसानं मले एकदाबी नाई म्हटलं नव्हतं. नाई म्हणणाऱ्याशी भांडता येते, भिंत असली तं डोकं आपटता येते. पण हो हो म्हणून मांगून दिवा विझवणाऱ्याशी कसं भांडाचं? मी हात उगारीन तिकडं हवाच. भाकर तशीच ठेवून तो उठला. जाता जाता म्हणे, "मीच तुले सोडत जाईन. साडेसातले घ्यायलेबी येत जाईन." एवढ्या गोड आवाजात म्हणे की दुसरं कोणी असतं तं त्याच्या पाया पडलं असतं. मी म्हटलं, "माया गाडीले दिवा हाये. घ्यायले येऊ नका. फाट्यावरबी उभे राहू नका."

रविवारी रात्री दोनदा उठून मी गाडीजवळ गेली आन दिवा लावून पाह्यला. अशी हालत करून ठेवली होती माई. दिवा दोन्ही वेळा लागला.

सोमवारी मी काट्यावर बसली. पहिल्या गाडीची चिठ्ठी काढताना घाम फुटला, दहाव्या गाडीले मी ड्रायव्हरले ओरडून राह्यली होती, "गाडी सरळ घ्या भाऊ, मांगचं चाक काट्याच्या बाहेर हाये!" सदाशिवराव हसले. संध्याकाळी सहा वाजले. दोन वर्षांत पहिल्यांदा सहा वाजले आन मी उठली नाई. बाहेर अंधार पडत होता तं पडू देल्ला. साडेसातले सदाशिवराव म्हणे, "उद्या अकराले या."

दुपट्टा बांधला, गाडी काढली, आर्वी सोडली आन बटन दाबलं.

बाप्पा! ज्या रोडनं दोन वर्षं गेली आली, तो रोड मी त्या दिवशी पाह्यला. पांढरी पट्टी दिसे, पट्टीच्या बाजूची खडी दिसे, बाभळीच्या शेंगा दिसत. एक ससा रस्ता ओलांडून गेला, त्याचे कान दिसले. कापसाची बंडी दिसली ती एवढ्या लांबून की मी आरामात हळू केली. समोरून ट्रक आला की मी डिपर देत होती, तेबी मले देत होते. ट्रकवाले मले डिपर देत होते! मी एकटीच हसून राह्यली होती, डोळ्याले पाणी येऊन राह्यलं होतं, हवेनं म्हणा की कशानं म्हणा.

फाटा आला. गोपालचं दुकान बंद होतं. आन दुकानापुढं, रस्त्याच्या काठाले, मोटरसायकल स्टँडवर लावून एक माणूस उभा. खांदे पाडून. ओळखायले मले दिवा लागत नव्हता.

येऊ नका म्हटलं होतं.

मी पंधरा पावलांवर गाडी थांबवली. इंजिन चालू, दिवा चालू, अप्परवरच, उजेड सरळ समोर. तो पुढं यायले गेला आन थांबला. हात कपाळाले लावला. सारा उजेड त्याच्या तोंडावर, शर्टावर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेली भोकंसुद्धा मोजता आली असती.

"डिपर मार ना छाया. काई दिसून नाई राह्यलं."

"मले दिसून राह्यलं. काऊन आले?"

"असंच. काळजी वाटली."

"खरं सांगा."

"थंडी पडून राह्यली. घरी चाल, मंग बोलू."

"घरी तुमी बोलत नाई. इथंच सांगा. उद्या जाऊ का नको?"

"तुयी मर्जी..."

"माई मर्जी मले माहीत हाये. तुमची सांगा."

तो इकडं तिकडं पाहे, पण कुठीबी पाह्यलं तरी उजेडच. आंगणातल्या म्हाताऱ्याची शिकवण मले आठवत होती, लोकाईच्या डोळ्यात उजेड घालू नये. बोट बटनावरच होतं माय. तरी दाबलं नाई. मांगून एक ट्रॅक्टर आला, बाजूनं निघून गेला. गोपालनं कपाळावरचा हात हळूच खाली केला. डोळे बारीक करून, पण सरळ मायाकडं पाह्यलं.

"नको जाऊ," तो म्हणे.

"मोठ्यानं."

"नको जाऊ!" त्याचा आवाज फाटला. असा आवाज मी कधी आयकला नव्हता त्याचा. "नको जाऊ म्हणतो! पोरगी गेली, घर खायले उठते. दुकान बंद करून घरी येतो तं तू पाह्यजे मले घरात. क्लासाले जात होतीस तवाबी मी आंगणात येरझाऱ्या घालत होतो. तू पुढं निघून जाशीन आन मी इथंच लोखंड घासत राहीन, असं वाटे. सांगाची हिंमत नाई झाली. म्हटलं, दिवाच सांगन. नाई जमत मले, छाया. नको जाऊ."

अकरा वर्षांतलं पहिलं नाई. मले वाटलं होतं ते आयकून मी पेटीन. पण तसं नाई झालं. छातीतला दोन वर्षांचा दगड हलला, आन मले त्या माणसाची कीव आली, रागबी आला, दोन्ही एकाच वेळी. पण आता समोर भिंत होती. खरी, हात लावून पाह्यता येईन अशी.

"आयकलं," मी म्हटलं. "आता मी सांगते ते आयका. उद्या मी अकराले जाईन आन साडेसातले सुटीन. तुमाले घर खायले उठते तं सैपाक करून ठेवा, बापाजवळ बसा, प्रेरणाले फोन लावा. आन रोज मले असंच तोंडानं नाई म्हणत जा. मी रोज भांडीन."

त्यानं डोळे पुसले, तिथंच उजेडात उभा राह्यला.

मंग मी डिपर देल्ला.